बलुत्यापासून बिलापर्यंत : मजुरी पदरात पडण्याचा इतिहास

मजुरी किती असावी यावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. ती मिळते कशी, देणारा नेमका कोण, किती तारखेला देणार आणि दिली नाही तर कोणाच्या दारात उभे राहायचे, यावर त्या मानाने फार थोडे लिहिले गेले. दर आणि वसुली हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. दर चांगला ठरूनही वसुली होत नसेल तर तो दर कागदावरच राहतो. दलित समाजाच्या श्रमाचा इतिहास हा मोठ्या प्रमाणात या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास आहे, असे माझे म्हणणे आहे.

हा विषय घेण्याला एक ताजे कारण आहे. मी शिक्षक आहे आणि फावल्या वेळात अनुवादाची कामे करतो. आमच्या अभ्यासवर्गाला येणारी बरीच मुलेमुली आता ऑनलाइन कामे घेतात. कोणी व्हिडिओची उपशीर्षके लिहितो, कोणी पुस्तकाची अक्षरजुळणी करून देतो, कोणी जाहिरातीची चित्रे, कोणी संकेतस्थळे तयार करतो. यांना फ्रीलान्सर म्हणतात. ते कोणाचे नोकर नाहीत. काम घ्यायचे, करून द्यायचे, बिल पाठवायचे. वर्ग संपल्यावर चर्चा निघते ती मात्र एकाच गोष्टीची : काम पोचले, पैसे आले नाहीत. माझाही अनुभव वेगळा नाही. परगावच्या एका संस्थेने माझ्याकडून एका अहवालाचा अनुवाद करून घेतला, तो छापला, वाटला. आणि बिलाबद्दल विचारले की 'साहेब दौऱ्यावर आहेत', 'हिशेबनीस रजेवर आहेत', 'पुढच्या महिन्यात पाहू' ही उत्तरे आठ महिने दिली. या आठ महिन्यांत आम्हां सर्वांच्या पत्रांतून जी भाषा येते ती मी तपासून पाहिली. 'कृपया', 'आपल्या सवडीने', 'तसदीबद्दल क्षमस्व'. ही घेणेकऱ्याची भाषा नव्हे. ती मागत्याची भाषा आहे, आणि ती आपल्या वाट्याला फार जुन्या काळापासून आलेली आहे.

१

बलुतेदारीचे वर्णन 'गावगाड्याची स्वयंपूर्ण व्यवस्था' असे करण्याची प्रस्थापित इतिहासलेखनाची रीत आहे. मजुरीच्या वसुलीच्या बाजूने पाहिले की हा गाडा निराळा दिसतो. महार वतनदार सरकारचे काम करी आणि गावाचेही करी. सारा गोळा करताना हाकारे घालणे, सरकारी टपाल पोचवणे, आलेल्या अंमलदाराची सरबराई, वेशीची राखण, मेलेले जनावर ओढणे, सांगावा घेऊन दुसऱ्या गावी धावणे. या कामाला वेळेची मर्यादा नव्हती. वतनदार घरी नसेल तर त्याच्या घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी कामाला उभे राहावे लागे. आणि मोबदला? पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होऊन तुकडे झालेली वतनाची जमीन, सुगीला खळ्यावर रयतेने घातलेले बलुते, आणि येसकराच्या पाळीला घरोघर मागितलेली भाकरी.

यातली मेख अशी की काम घेणारा एक आणि देणारा दुसरा. सरकार काम घेई आणि मजुरी रयतेच्या मर्जीवर सोडून देई. किती पाट्या, किती पेंढ्या हे रूढीने ठरलेले असले तरी प्रत्यक्ष माप कुणब्याच्या हातात. माप कमी भरले तर दाद मागायला पुन्हा त्याच गावाची चावडी. अशा रीतीने जी मजुरी होती तिला दानाचे रूप आले आणि जो कामगार होता त्याला याचकाचे. दया पवार यांनी १९७८ साली आपल्या आत्मकथनाला 'बलुतं' हेच नाव दिले, ते उगाच नव्हे.

या व्यवस्थेत न दिलेली मजुरी हे एक हत्यार होते. पोरगा शाळेत घातला, मेलेले ढोर ओढायला नकार दिला, पाणवठ्यावर गेले, की बलुते बंद. मुंबई सरकारने १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर सदस्य होते. त्या समितीच्या १९३० च्या अहवालात, दलितांनी हक्क बजावताच त्यांच्या जमिनी काढून घेणे, काम बंद करणे आणि गावकामगार म्हणून मिळणारा मोबदला थांबवणे या गोष्टींची स्पष्ट नोंद आहे. ज्याच्या हाती थकबाकी, त्याच्या हाती माणूस, असा हा व्यवहार होता.

२

हे बाबासाहेबांनी नेमके ओळखले होते. १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. महार वतनाचे विधेयक म्हणून ते प्रसिद्ध आहे. त्याची चर्चा बहुधा वतन ठेवावे की सोडावे एवढ्यापुरती होते. मला त्यातली एक तरतूद फार महत्त्वाची वाटते. बलुत्याचे रूपांतर रोख पट्टीत करावे आणि ती पट्टी सरकारने जमीनमहसुलाबरोबर वसूल करून वतनदाराला द्यावी, असे त्यात होते. म्हणजे महाराने खळ्यावर जाऊन उभे राहायचे नाही. ज्याने काम घेतले त्यानेच पैसे गोळा करायचे आणि त्यानेच द्यायचे. बाबासाहेबांनी दर वाढवून मागण्याआधी देणेकरी बदलून मागितला. धान्याच्या जागी नाणे आणि शेकडो मर्जींच्या जागी एक जबाबदार देणेकरी, हा त्या विधेयकाचा गाभा होता. या विधेयकाला प्रखर विरोध झाला, ते चिकित्सा समितीकडे गेले आणि अखेर १९२९ साली मागे घ्यावे लागले. कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट करणारा कायदा १९५८ साली झाला. मध्ये तीस वर्षे गेली.

गावातून जे मुंबईला गेले त्यांना गिरणीत रोख मजुरी मिळाली. पण तेथे दुसरा प्रश्न उभा राहिला : तारखेचा. याच मुंबईत बाबासाहेबांच्या विधेयकापूर्वी चव्वेचाळीस वर्षे, सप्टेंबर १८८४ मध्ये, सत्यशोधक कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती या त्यातल्या मागण्या सर्वांना माहीत आहेत. पण आणखी एक मागणी होती : महिन्याची मजुरी पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावी. पंधरा तारीख ही त्या काळी मागणी करून मिळवण्याची गोष्ट होती, यावरूनच मजुरी किती रखडत असेल याची कल्पना यावी.

उशिरा मिळणारी मजुरी ही नुसती गैरसोय नसते. कामगार मालकाला बिनव्याजी कर्ज देतो आणि तेवढे दिवस पोट भरण्यासाठी स्वतः वाण्याकडून उधार व सावकाराकडून व्याजाने घेतो. रखडलेल्या मजुरीतून मालकाचे भांडवल वाढते आणि कामगाराचे कर्ज. लोखंड्यांच्या निवेदनानंतर बावन्न वर्षांनी, १९३६ साली, वेतन प्रदान कायदा आला. हजारांहून कमी कामगार असतील तेथे सात दिवसांत आणि जास्त असतील तेथे दहा दिवसांत मजुरी द्यावी, असे बंधन त्याने घातले. पुढे मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी १९४६ साली किमान वेतनाचे विधेयक मांडले. त्याचा कायदा १९४८ साली झाला. हे दोन्ही कायदे नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या वेतन संहितेत विलीन झाले. मात्र हे सारे संरक्षण 'नोकरा'ला आहे. ज्याला मालकच नाही, किंवा रोज नवा मालक आहे, त्याचे काय?

३

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रातल्या हमालांनी शोधले. बाजारातल्या माथाडी कामगाराची स्थिती ऑनलाइन काम करणाऱ्या मुलांना चटकन कळेल. आज या पेढीवर, उद्या त्या गोदामात. कोणत्याही व्यापाऱ्याला विचारा, 'हा माझा माणूस नव्हे' असेच तो म्हणणार. नोकर नाही म्हणून कामगार कायदा नाही, आणि व्यापारी नाही म्हणून बाजारात पत नाही. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडींची संघटना बांधली, पुण्यात बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली. या लढ्यांतून महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला.

या कायद्याची युक्ती साधी आहे. माल उतरवून घेणारा व्यापारी आणि तो उतरवणारा हमाल, दोघांची मंडळाकडे नोंदणी. व्यापाऱ्याने मजुरी हमालाच्या हातावर टेकवायची नाही, ती मंडळात भरायची. भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजा, औषधोपचार यांसाठी मजुरीवर ठरावीक टक्के लेव्ही वेगळी भरायची. मंडळ मजुरीचे वाटप करणार. मंडळावर कामगार आणि मालक यांचे प्रतिनिधी समसमान, शिवाय सरकारचे. हमालाला कोणाचाही नोकर न बनवता त्याची मजुरी सुरक्षित करण्याचा हा मार्ग होता. बाबासाहेबांच्या १९२८ च्या विधेयकातले तत्त्वच येथे निराळ्या क्षेत्रात दिसते : मजुरी देणाऱ्याच्या मर्जीवर न ठेवता मध्ये एक जबाबदार यंत्रणा उभी करणे. टोळीत कोणाला घ्यायचे हे गाव आणि नाते पाहून ठरते, हा या व्यवस्थेतला दोष आहे आणि त्याची वेगळी चर्चा झाली पाहिजे. पण तत्त्व मोलाचे आहे.

मध्ये यंत्रणा आली की दलालीचाही प्रश्न येतो. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठी दिल्लीत बांधकामे चालू होती. तेथल्या मजुरांना किमान वेतन नऊ रुपये पंचवीस पैसे होते, पण ठेकेदार ते जमादारामार्फत देत आणि जमादार रोजी रुपया कापून घेई. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्सच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली निकाल दिला. किमान वेतनापेक्षा कमी देऊन घेतलेले काम ही घटनेच्या तेविसाव्या कलमाने निषिद्ध केलेली वेठ आहे, असे न्या. भगवती यांनी त्यात सांगितले. दंडुक्याचीच सक्ती ही सक्ती असे नव्हे. भुकेने आणि गरजेने दुसरा मार्ग न उरणे हीदेखील सक्तीच, हे त्या निकालाने मान्य केले.

४

आता आजच्या ऑनलाइन बाजाराकडे पाहू. ॲमेझॉन कंपनीने २००५ साली 'मेकॅनिकल टर्क' नावाची व्यवस्था सुरू केली. अठराव्या शतकात युरोपात बुद्धिबळ खेळणारे एक यंत्र गाजले होते. त्याच्या पेटीत खरे तर माणूस लपलेला असे. त्या यंत्राचे नाव कंपनीने जाणूनबुजून घेतले. यंत्र दिसावे, आतला माणूस दिसू नये. या व्यवस्थेत काम देणाऱ्याला केलेले काम नापसंत ठरवून पैसे नाकारता येत. त्यावर उपाय म्हणून २००८ साली लिली इराणी आणि सिक्स सिल्बरमन या दोन अभ्यासकांनी 'टर्कऑप्टिकॉन' तयार केले. कोण पैसे देतो, कोण बुडवतो, कोण विनाकारण काम नाकारतो, याची नोंद कामगार स्वतः तेथे करू लागले. मालक कामगाराला गुण देतो, तेव्हा कामगारानेही मालकाला गुण द्यावेत, हा त्यातला विचार.

अपवर्क, फायव्हर यांसारख्या कंपन्यांनी निराळी रीत आणली. काम देणारा आधी पैसे कंपनीकडे ठेव म्हणून भरतो. काम पोचले की ते सुटतात. याला एस्क्रो म्हणतात. अपवर्कवर ठरावीक रकमेचे काम सादर केल्यावर चौदा दिवसांत आक्षेप आला नाही तर रक्कम आपोआप सुटते. वरवर पाहता हे माथाडी मंडळच वाटते. तत्त्व तेच : काम सुरू होण्याआधी पैसा तिऱ्हाइताकडे. म्हणून नवख्याने ठेव भरल्याशिवाय कामाला हात लावू नये आणि 'आपण बाहेर व्यवहार करू, दलाली वाचेल' या आमिषाला भुलू नये.

पण फरकही पाहिला पाहिजे. माथाडी मंडळावर हमालाचा प्रतिनिधी बसतो. या कंपन्यांच्या मंडळावर आपल्या मुलांचा कोणीही नाही. फायव्हर कामगाराच्या कमाईतून वीस टक्के कापते. अपवर्कने २०१६ मध्ये आपले दर बदलले, २०२३ मध्ये पुन्हा बदलले. प्रत्येक वेळी ते जाहीर केले, विचारले नाही. खाते बंद करण्याचा अधिकारही त्यांचाच. आणि एका ग्राहकाने वाईट शेरा मारला तर पुढचे काम मिळणे कठीण. त्यामुळे राहिलेले पैसे मागायलाही मुले कचरतात. बलुते बंद होण्याची भीती येथे शेऱ्याच्या रूपाने परत आली आहे.

आमच्या वर्गातली एक मुलगी म्हणाली, 'सर, इथं कोणी जात विचारत नाही.' तिचे म्हणणे मी हलके मानत नाही. गावापेक्षा शहर आपल्या माणसाला मोकळे वाटले ते याच कारणाने. पण शहरातल्या गिरणीतही सगळी खाती आपल्याला खुली नव्हती, हे १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांना सांगावे लागले होते. कापड खात्यात आपल्या कामगाराला मज्जाव होता. शिवाय जात न विचारणारा मालकही मजुरी बुडवू शकतो.

५

या इतिहासातून चार गोष्टी निघतात : नाव असलेला देणेकरी, ठरलेली तारीख, आधी भरलेली ठेव आणि मोजून दिलेली दलाली. आपल्या मुलांनी त्या रोजच्या व्यवहारात कशा उतरवायच्या हे थोडक्यात सांगतो.

काम कोणासाठी करतो आहोत त्या माणसाचे वा संस्थेचे पूर्ण नाव आणि पत्ता लिहून घ्यावा. तोंडी ठरले असेल तर त्याच दिवशी ईमेल करावा : काम इतके, दुरुस्त्या इतक्या वेळा, रक्कम इतकी, तारीख अमुक. समोरच्याचे 'ठीक आहे' हे उत्तर जपून ठेवावे. इसार घेतल्याशिवाय सुरुवात करू नये. मोठे काम तुकड्यांत द्यावे, आणि पहिल्या तुकड्याचे पैसे आल्यावर दुसऱ्याला हात घालावा. आपल्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्काचे हस्तांतर लेखी असावे लागते. म्हणून 'पूर्ण रक्कम मिळाल्यावरच हक्क हस्तांतरित होतील' हे एक वाक्य करारात घालावे. आणि काम देण्यासाठी जो कामगाराकडूनच पैसे मागतो, तो काम देणारा नव्हे. 'घरबसल्या टायपिंग'च्या नावाखाली नोंदणी फी घेणारे, मग चुका काढून वकिलाच्या नोटिसा पाठवणारे लोक आहेत. अशा नोटिशीला घाबरून पैसे भरू नयेत, ती घेऊन जाणत्या वकिलाकडे किंवा सायबर पोलिसांकडे जावे.

कायदा अगदीच नाही असे नाही. न्यूयॉर्क शहराने २०१६ साली फ्रीलान्सरांसाठी कायदा केला. आठशे डॉलर किंवा अधिक रकमेच्या कामाला लेखी करार, तारीख ठरलेली नसेल तर काम झाल्यापासून तीस दिवसांत पैसे, आणि बुडवल्यास दुप्पट भरपाई. आपल्याकडे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने गिग कामगाराची व्याख्या प्रथम केली, पण तिचा रोख विमा व कल्याण निधी यांकडे आहे. बिल वसूल करून देण्याची सोय तिच्यात नाही. ती सोय मिळते एका अनपेक्षित ठिकाणी, २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्यात. सेवा देणारा एकटा माणूसही 'उद्यम' नोंदणी विनामूल्य करून सूक्ष्म उद्योग ठरू शकतो. ही नोंदणी काम घेण्यापूर्वीच केलेली बरी. मग भारतातल्या ग्राहकाने ठरलेल्या मुदतीत, फार तर पंचेचाळीस दिवसांत, आणि मुदत ठरलेली नसेल तर पंधरा दिवसांत पैसे दिले पाहिजेत. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते. दाद मागायची ती सुविधा परिषदेकडे, आणि ही परिषद काम करणाऱ्याच्या राज्यातली असते. बीडच्या मुलीला दिल्लीच्या कंपनीसाठी दिल्लीला हेलपाटे घालावे लागत नाहीत. निकालाविरुद्ध कंपनीला न्यायालयात जायचे असेल तर आधी पंचाहत्तर टक्के रक्कम भरावी लागते. येथेही तेच तत्त्व आले : आधी ठेव, मग वाद. परदेशातल्या ग्राहकाला मात्र हा कायदा पोचत नाही. तेथे ठेव आणि इसार हीच खरी सुरक्षा.

तरीही एकट्याने किती लढायचे याला मर्यादा आहे. लोखंड्यांच्या निवेदनावर साडेपाच हजार सह्या होत्या. माथाडी कायदा एका हमालाच्या अर्जावर झाला नाही. आज आपली मुले आपापल्या खोलीत, आपापल्या मोबाइलसमोर एकेकटी आहेत आणि बुडवणाऱ्याला हेच सोयीचे आहे. म्हणून माझी सूचना अशी आहे की प्रत्येक अभ्यासवर्गाने, वाचनालयाने, विद्यार्थी वसतिगृहाने एक वही घालावी. काम कोणी दिले, रक्कम किती ठरली, कागद काय आहे, पैसे केव्हा आले किंवा आले नाहीत, एवढीच खरी आणि पुराव्यानिशी नोंद. नवे काम घेणाऱ्याने आधी ती वही पाहावी. जाणत्या शिक्षकांनी आणि वकिलांनी महिन्यातून एक रविवार उद्यम नोंदणी, करारपत्रे आणि परिषदेकडचे अर्ज यांसाठी द्यावा. चार तालुक्यांच्या वह्या एकत्र झाल्या की सरकारपुढे ऑनलाइन कामगारांसाठी माथाडीच्या धर्तीवर मंडळ मागता येईल, आणि त्या वेळी आपल्या हातात नुसती तक्रार नसेल, हिशेब असेल.

आमच्या वर्गाने अशी वही सुरू केली आहे. पहिल्या पानावर आम्ही एक नियम लिहिला आहे : राहिलेल्या पैशाच्या पत्रात 'क्षमस्व' हा शब्द लिहायचा नाही. काम, तारीख, रक्कम आणि मुदत एवढेच लिहायचे.